नकाशा बदलतो, आकारणी थांबते

पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवण मागे टाकून इंदापूरकडे निघालं की डाळज लागतं. एक नव्हे, तीन. नंबर एक, नंबर दोन आणि नंबर तीन. डाव्या अंगाला उजनीचा फुगवटा, उजव्या अंगाला उसाचे फड, मधून चौपदरी रस्ता. या पट्ट्यातल्या गावांनी गेल्या पन्नास-साठ वर्षांत दोन मोठ्या सार्वजनिक कामांना जमीन दिली, धरणाला आणि रस्त्याला. उजनीचं काम १९६० च्या दशकात सुरू झालं, १९८० साली ते पुरं झालं आणि भीमाकाठची कितीतरी काळी रानं त्याच्या जलाशयाच्या, म्हणजे यशवंतसागराच्या, पाण्याखाली गेली. पलीकडच्या पळसदेवचं जुनं देऊळ अजूनही एखाद्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्याबाहेर डोकं काढतं आणि लोक ते पाहायला जातात.

या दोन्ही कामांचा लाभ दूरवर पोचला, पोचायलाच हवा होता. पण गावाच्या जमाखर्चाच्या वहीत डोकावलं तर वेगळीच गोष्ट दिसते. पाण्याखालच्या जमिनीवर शेतसारा नाही, म्हणून त्यावरचा ग्रामपंचायतीचा उपकरही नाही. राष्ट्रीय महामार्ग केंद्र सरकारच्या मालकीचा आणि केंद्राच्या मालमत्तेवर स्थानिक कर लावता येत नाही, असं संविधानाचं कलम २८५ सांगतं. पुढे सरडेवाडीच्या नाक्यावर टोल गोळा होतो, त्यातला रुपयाही वाटेतल्या ग्रामपंचायतीच्या खात्यात येत नाही. रस्त्याकडेच्या गटाराची, दिव्याची, कचऱ्याची तक्रार मात्र लोक सरपंचाकडेच घेऊन जातात. ज्याच्या दारात माणूस उभा राहतो त्याच्या हाती पैसा नाही आणि ज्याच्या हाती पैसा आहे त्याचं दार गावापासून लांब. स्थानिक स्वराज्याचं जगभरचं दुखणं हेच आहे आणि डाळजच्या शिवारात ते नुसत्या डोळ्यांनी दिसतं.

ग्रामपंचायतीची पावती हातात घेऊन पाहावी. नमुना नंबर १०, लहानसा कागद. घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर, सामान्य पाणीपट्टी, खास पाणीपट्टी. मागील बाकी, चालू, एकूण. खाली ग्रामसेवकाची सही. २०२४ पासून या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, लोक मात्र अजून भाऊसाहेबच म्हणतात. ही रक्कम येते नमुना ९ मधून, म्हणजे मागणीच्या नोंदवहीतून. आणि मागणी येते नमुना ८ मधून, म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीतून. नमुना ८ मध्ये प्रत्येक घर लिहिलेलं असतं: मालकाचं नाव, भोगवटादार, लांबी-रुंदी, बांधकाम मातीचं की विटांचं, पत्रा की स्लॅब. गावाच्या स्वराज्याचा पाया कुठला, असं मला कुणी विचारलं तर मी ही वही दाखवीन. ग्रामसभेचा ठराव आणि सरपंचाची खुर्ची त्यानंतर.

आकारणीच्या बाबतीत इंदापूर तालुक्याला मोठा इतिहास आहे आणि तो इथल्या माणसांनाही फारसा ठाऊक नाही. पेशवाई गेल्यावर कंपनी सरकारला प्रश्न पडला, शेतकऱ्याकडून किती घ्यायचं? रॉबर्ट कीथ प्रिंगल नावाच्या तरुण अधिकाऱ्याने १८२० च्या दशकात पुणे जिल्ह्याची पाहणी केली. हा हेलीबरीच्या कॉलेजात माल्थसच्या हाताखाली शिकलेला. रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत त्याच्या डोक्यात पक्का होता. शेताचं निव्वळ उत्पन्न काढायचं आणि त्याचे पंचावन्न टक्के सरकारचे, असा त्याचा हिशेब. कागदावर तो अत्यंत शास्त्रशुद्ध होता, शिवारात मोडून पडला. पाऊस कमी, भाव पडलेले, मोजणीत खालच्या लोकांची लबाडी. इंदापुरातली रानं पड पडू लागली, कुणबी गाव सोडून निजामाच्या मुलखात जाऊ लागले. मग १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी याच तालुक्यात नव्याने मोजणी केली. सिद्धांत बाजूला ठेवून त्यांनी जमिनीची प्रत पाहिली, मागची वसुली पाहिली, माणूस काय सोसू शकेल ते पाहिलं, आकार खाली आणला आणि तीस वर्षांसाठी बांधून दिला. मुंबई इलाख्याची पुढची सगळी रयतवारी जमाबंदी या इंदापुरी नमुन्यावर उभी राहिली. आज सातबाऱ्यावर जो ‘आकार’ रुपये-पैशांत दिसतो त्याचं मूळ इथे आहे.

त्यापूर्वी गावाचा व्यवहार निराळा होता. पांढरीत राहणारे आणि काळीत कसणारे यांच्यात बलुत्याची, गावखर्चाची एक सामाईक वाटणी होती. तिच्यात जातीची उतरंड होती, वतनदाराची मुजोरी होती. तिला सोन्याचा मुलामा देण्याचं कारण नाही. पण गावाचा म्हणून एक खर्च आणि त्याची म्हणून एक तजवीज होती, हेही खरं. नव्या पद्धतीने सरकारने थेट शेताशी, खातेदाराशी हिशेब जोडला. गाव मधून निघून गेलं. पुढे रस्ते आणि शाळा हव्यात म्हणून १८६० च्या दशकात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा ‘लोकल फंड’ घ्यायला सुरुवात झाली, १८६९ मध्ये त्याचा कायदा झाला. पुढे १८८२ मध्ये लॉर्ड रिपनचा ठराव आणि १८८४ मध्ये मुंबईचा लोकल बोर्डांचा कायदा आला. म्हणजे आपल्याकडे पट्टी आधी आली, पट्टीबद्दल बोलायचा हक्क पंधरा-वीस वर्षांनी आला आणि तोही थेंबाथेंबाने. घरपट्टी म्हटली की आपल्या मनात जी एक आडमुठी नाराजी उठते तिचं मूळ या क्रमात असावं, असं मला वाटतं.

तीस वर्षांचा करार संपल्यावर १८६७ च्या सुमारास इंदापुरात फेरआकारणी झाली आणि सारा वाढला. कापसाच्या तेजीचा तो काळ ओसरताच भाव कोसळले. १८७५ च्या मे महिन्यात बारामतीजवळच्या सुप्याला सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या. राग मुख्यतः सावकारावर होता, पण वाढलेला सारा हेही त्यामागचं एक कारण होतं. पुण्याच्या सार्वजनिक सभेने वाढीव आकारणीचा प्रश्न त्याआधीच हाती घेतला होता. सरकार त्यातून एक धडा शिकलं: फेरमोजणी म्हणजे आगीशी खेळ. पुढे हा धडा सगळ्याच सरकारांनी पाठ केला. आज शेतसाऱ्याचा आकार कित्येक दशकं जिथल्या तिथे आहे. ग्रामपंचायतीचा उपकर कायद्याने या साऱ्याच्या रुपयाला एक रुपया ठरलेला. ऐकायला भरघोस, शंभर टक्के! पण सारा एकरी काही रुपयांचा, तेव्हा उपकरही तेवढाच. उजनीच्या पाण्यावर शेजारच्या रानात लाखांचा ऊस उभा असतो आणि त्याचा गावाच्या तिजोरीशी संबंध इंग्रज अमलात बांधलेल्या एका आकड्यातून येतो.

हे मागासलेपण फक्त आपलं आहे असं समजू नये. ज्या इंग्लंडमधून हा लोकल बोर्डांचा साचा आला तिथली आजची स्थिती फार बोलकी आहे. तिथे १६०१ च्या गरिबांविषयीच्या कायद्यापासून पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली वस्ती, स्वतः पट्टी बसवी, स्वतः खर्च करी. घराच्या भाडेमूल्यावरची ही पट्टी जवळजवळ चारशे वर्षं टिकली. तिला दर काही वर्षांनी फेरमूल्यांकन लागायचं आणि प्रत्येक सरकारला ते नको असायचं. १९८५ मध्ये स्कॉटलंडात ते झालं, पट्ट्या वाढल्या, ओरड झाली. त्या ओरडीला घाबरून थॅचरबाईंच्या सरकारने घरपट्टीच मोडीत काढली आणि डोईपट्टी आणली. जहागीरदार असो की त्याचा माळी, माणशी पट्टी सारखी. १९९० च्या मार्चमध्ये लंडनच्या रस्त्यांवर दंगल झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात बाईंना पद सोडावं लागलं. १९९३ मध्ये कौन्सिल टॅक्स आला. घरांचे ए ते एच असे आठ पट्टे पाडले, १ एप्रिल १९९१ ची किंमत धरून. इंग्लंडमध्ये तेव्हापासून आजपर्यंत एकदाही फेरमूल्यांकन झालेलं नाही. काल बांधून झालेल्या घराचीसुद्धा ‘१९९१ साली हे असतं तर काय किमतीला गेलं असतं’ असा अंदाज बांधून पट्टी ठरते. आणि सगळ्यात वरच्या पट्ट्यातलं घर कितीही कोटींचं असलं तरी सगळ्यात खालच्याच्या तिपटीहून अधिक कर देत नाही.

मग तिथल्या कौन्सिलांचा, म्हणजे स्थानिक संस्थांचा, बाकीचा खर्च कशावर चालतो? लंडनच्या अनुदानावर आणि व्यापारी पट्टीतल्या वाट्यावर. २०१० नंतर अनुदान कापलं गेलं. घरपट्टी ठरावीक मर्यादेपलीकडे, साधारण पाच टक्क्यांवर, वाढवायची तर सार्वमत घ्यावं लागतं. वृद्धांच्या आणि मुलांच्या देखभालीचा खर्च मात्र कायद्याने बांधलेला आणि वाढता. तिजोरीत पैसा नाही, असं अधिकृतपणे सांगणाऱ्या नोटिशी निघू लागल्या. २०१८ मध्ये नॉर्थहॅम्प्टनशायर, पुढे क्रॉयडन, स्लाव, थरॉक, वोकिंग आणि २०२३ च्या सप्टेंबरात खुद्द बर्मिंगहॅम. प्रत्येकाचं निमित्त वेगळं. वोकिंगसारख्यांनी कर्ज काढून इमारती उभारल्या, बर्मिंगहॅमवर स्त्री कर्मचाऱ्यांच्या समान वेतनाची देणी होती. चुका त्यांच्याच. पण ज्याच्याकडे स्वतःचं वाढतं उत्पन्न नाही तो असले जुगार खेळायला अधिक लवकर तयार होतो.

आणि यावर उपाय काय निघाला? नकाशा. नॉर्थहॅम्प्टनशायरची काउंटी २०२१ मध्ये बरखास्त करून दोन नवी कौन्सिलं केली. २०२३ मध्ये कम्ब्रिया मोडली. डिसेंबर २०२४ च्या श्वेतपत्रिकेने उरलेल्या सगळ्या दुपदरी भागांत जिल्हा आणि काउंटी एकत्र करून साधारण पाच लाख वस्तीची एकेरी कौन्सिलं करायचं ठरवलं. १९७४ मध्ये अशीच मोठी उलथापालथ झाली होती, १९८६ मध्ये लंडनची महाकौन्सिल बरखास्त झाली होती, नव्वदीत पुन्हा फेररचना. दर पिढीला सीमा हलतात, पाट्या बदलतात. १९९१ चा भाव तेवढा हलत नाही.

इथे मला जे म्हणायचं आहे ते येतं. सीमा बदलणं सोपं असतं, कारण त्याची किंमत कुणा एका माणसाच्या पावतीवर दिसत नाही. मोजणी बदलणं कठीण असतं, कारण ती प्रत्येकाच्या पावतीवर दिसते. म्हणून राज्यकर्ते पहिलं करतात आणि दुसरं टाळतात. ज्या संस्थेची मोजणी गोठते ती हळूहळू वरच्याच्या ओंजळीने पाणी पिऊ लागते, मग तिचा नकाशा कितीही देखणा असो.

आपल्याकडची फेररचनाही याच वाटेने गेली. तालुका लोकल बोर्डं १९३८ मध्ये गुंडाळली. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशीवरून १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या आणि यशवंतराव चव्हाणांच्या त्या निर्णयाने खेड्यात शाळा, दवाखाने पोचले, नेतृत्वाची एक अख्खी फळी घडली. ते ऋण मान्यच केलं पाहिजे. १९९३ मध्ये त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती लागू झाली, एकोणतीस विषयांची यादी आली. सरपंच थेट जनतेतून की सदस्यांतून, यावर २०१७, २०२० आणि २०२२ असा तीनदा कायदा फिरला. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावं पोटात घेतली. पुढे कर जास्त आणि सुविधा कमी अशी तक्रार होऊन फुरसुंगी आणि उरुळी देवाची २०२४ मध्ये बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. फुरसुंगीचं हे उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं. तिथे नकाशा हलला तो पट्टीमुळे. माणसाला आपण नेमके कोणत्या हद्दीत आहोत हे भाषणातून कळत नाही, कराच्या बिलातून कळतं.

इंग्लंडात ओढ एकत्र करण्याकडे, आपल्याकडे वेगळं होण्याकडे. प्रत्येक वाडीला स्वतंत्र ग्रामपंचायत हवी असते आणि त्यामागे मानाइतकीच खरी गरज असते: तीन किलोमीटर चालून दाखला आणायचा नसतो. पण वेगळी चूल मांडली की दुसरं कार्यालय, दुसरा शिपाई, दुसरा संगणकचालक, पाणीपुरवठ्याच्या मोटारीचं दुसरं वीजबिल. ज्या गावाच्या हद्दीत कारखाना आहे ते तरतं. ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १२५ प्रमाणे कारखान्याशी ठोक रकमेचा करारही करता येतो. भिगवणकडे कागदाचा कारखाना आहे, लोणी देवकरला औद्योगिक वसाहत आहे. रस्त्याकडेला चार ढाबे आणि मागे ऊस एवढंच ज्याच्या वाट्याला आलं त्या गावाने काय करायचं?

त्याने वित्त आयोगाची वाट पाहायची. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ पासून सगळा ग्रामीण निधी थेट ग्रामपंचायतींना दिला. पंधराव्याने तिन्ही स्तरांना दिला, महाराष्ट्रात त्यातले ऐंशी टक्के ग्रामपंचायतीला, दहा-दहा वरच्या दोघांना. पण यातला साठ टक्के भाग बंधित होता: निम्मा पाण्यासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. उरलेला अबंधित, तोही पगाराला आणि आस्थापनेला चालत नसे. पैसा सरपंच आणि ग्रामसेवक यांच्या डिजिटल सहीने संगणकावरून जातो. हिशेब चोख राहतो, याबद्दल समाधान आहे. पण गावातल्या विजेच्या दिव्यांचं बिल कुणी भरायचं यावरून २०२१ मध्ये महावितरणने पथदिवे तोडले तेव्हा कळलं की कोट्यवधींच्या योजनांच्या गावाला खांबावरचा दिवा पेटता ठेवायला स्वतःचे पैसे नाहीत. अखेर तो भारही वित्त आयोगाच्याच निधीवर गेला.

हा निधी वाटायचा तो मुख्यतः लोकसंख्येवर, आणि लोकसंख्या कोणती? २०११ ची. २०२१ ची जनगणना झालीच नाही, पुढची २०२७ ची आहे. शेतसारा इंग्रजी अमलातला आणि माणसं २०११ ची. आणखी एक गोष्ट. २०२२ च्या मार्चमध्ये पुणे जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि वर्षानुवर्षं प्रशासक बसला. निवडून आलेले सभासद नाहीत म्हणून वरच्या दोन्ही स्तरांचा वित्त आयोगाचा वाटा अडकला. लोकांनी मत देऊ नये अशी व्यवस्था लोकांनी केली नव्हती, तरी भुर्दंड त्यांनाच.

राहता राहिलं गावाच्या हातातलं एकच हत्यार, नमुना ८. डिसेंबर २०१५ मध्ये शासनाने नियम बदलून घरपट्टी भांडवली मूल्यावर आणली: जमिनीचा वार्षिक मूल्यदर, बांधकामाचा प्रकार, घसारा, वापर घरगुती की व्यापारी. दर ठरावीक मर्यादेत ग्रामपंचायतीने ठरवायचा, आकारणी दर चार वर्षांनी पुन्हा करायची. नियम चांगला आहे, न्याय्य आहे. तरी कुठल्याही गावची वही उघडली तर पत्र्याची खोली म्हणून नोंदलेल्या जागी दुमजली आरसीसी घर उभं दिसतं, खाली दोन गाळे भाड्याने दिलेले. सदस्य ते रोज पाहतो. पण नोंद बदलायची म्हणजे भावकीत वैर घ्यायचं. मळ्यातली घरं तर कित्येकदा वहीत नसतातच. आणि भुर्दंड पडतो तो गावठाणात नीट नोंदलेल्या, नेमाने पट्टी भरणाऱ्या विधवेवर. गोठलेली मोजणी ही गरिबाला सवलत आहे, असा एक समज आहे. तो खोटा आहे. लंडनमधला महाल आणि आपल्याकडचा महामार्गालगतचा गाळा, दोघांनाही ती सवलत सारखीच मिळते.

कायद्यात एक कडक कलम आहे. मागणीचं बिल दिल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही तर सदस्य अपात्र ठरू शकतो. म्हणून निवडणूक लागली की थकबाकी भरायला कार्यालयात झुंबड उडते, ज्यांनी चार वर्षं पावती पाहिली नव्हती ते रोख रक्कम घेऊन उभे राहतात. याचा अर्थ पैसा असतो.

यावर कुणी म्हणेल, गरीब गावाने स्वतःच्या जोरावर उभं राहावं हा श्रीमंत गावाचा उपदेश आहे. आक्षेप खरा आहे. जिरायती गावाला घरपट्टीतून दवाखाना उभारता येणार नाही. वरून समन्यायी वाटप झालंच पाहिजे आणि ते उपकार म्हणून नव्हे, हक्क म्हणून. ज्यांच्या रानावर धरण उभं राहिलं त्यांचा तर तो दुहेरी हक्क आहे. टोलमधून, पाण्याच्या उत्पन्नातून वाटेतल्या आणि काठच्या गावांना कायद्याने हिस्सा मिळावा ही मागणी मी न्याय्य मानतो. पण हिस्सा मागायला उभं राहणाऱ्या गावाची स्वतःची वही खरी असली पाहिजे. स्वतःच्या उत्पन्नातले पंधरा टक्के मागासवर्गीयांसाठी, दहा टक्के महिला-बालकल्याणासाठी, पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असा नियम आहे; उत्पन्नच खोटं कमी दाखवलं तर या माणसांचा वाटाही त्याच प्रमाणात बुडतो. ती चोरी आपली आपण केलेली असते.

आर्थिक वर्षातली पहिली ग्रामसभा एप्रिल-मेमध्ये घ्यावी लागते आणि मागच्या वर्षाचा जमाखर्च, प्रशासनाचा अहवाल, लेखापरीक्षणातल्या त्रुटी आणि त्यांची उत्तरं त्या सभेपुढे ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. डाळजला असो की इंदापूर-बारामतीतल्या कुठल्याही गावात, या एका सभेला जा. मंजूर कामांची यादी वाचून झाल्यावर नमुना ८ मागा. शेवटची आकारणी कोणत्या साली झाली ते विचारा, आणि आपल्या स्वतःच्या घराची नोंद सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला सांगा.